माझ्यावर न झोपलेली मुलगी

मी खाट आहे. जुनी, लोखंडाची, एका माणसापुरती. माझा हिरवा रंग आता फक्त पायांच्या आतल्या बाजूला उरला आहे, जिथे कुणाचा हात पोचत नाही. मित्रांनो, खाटेचं आयुष्य ते काय, असं तुम्ही म्हणाल. कुणी झोपतं, कुणी उठतं, मध्ये कधीतरी ढेकूण होतात. माझंही तसंच सरळ जायचं होतं. पण माझ्या वाट्याला अशी मुलं आली की जी कागदावर माझ्यावर झोपत होती आणि खरी कधीच झोपली नाहीत. त्यांच्याबद्दल सांगायचं म्हणून आज बोलते आहे. एरवी आम्ही खाटा नुसत्या कुरकुरतो.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. मला जोडणाऱ्या वेल्डरला पुढचा एक दात नव्हता, त्यामुळे तो शीळ घालायचा तर अर्धी हवाच जायची. त्याची एक रीत होती. खाट तयार झाली की रंग लावण्याआधी तो स्वतः तिच्यावर आडवा व्हायचा आणि मनात शंभर मोजायचा. कूस बदलून पुन्हा शंभर. मालक ओरडायचा, की हा कामाच्या वेळात झोपा काढतो. वेल्डर म्हणायचा, झोपून बघितल्याशिवाय खाट झाली की नाही ते कळत नाही, तोवर तो नुसता सांगाडा. माझ्यावर तो शंभर मोजता मोजता साठावरच घोरायला लागला. ही माझी पहिली शाबासकी.

मला विकत घेतलं घरमालकीणबाईंनी. शहराच्या अगदी कडेला त्यांचं तीन मजली घर होतं. खाली त्या राहत, मधल्या मजल्यावर त्यांचं सामान राहत असे, आणि वरची एक खोली, मोरीसकट, भाड्याने द्यायची. तिथे, खिडकीच्या शेजारी, भिंतीला लावून मला ठेवलं. त्या वेळी या भागाला कुणी विचारत नव्हतं. बस इथे येऊन वळायची आणि रिकामीच परत जायची. अकरा वर्षं माझ्यावर घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस झोपला. तो तिरका झोपायचा. पाय माझ्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर, डोकं उजव्या कोपऱ्यात. त्यामुळे माझ्या स्प्रिंगाही तिरक्या बसल्या. जाताना त्याने माझ्या उशाच्या लोखंडी कडीवर थाप मारली आणि मालकीणबाईंना सांगितलं, की बाई, बायको मिळाली नाही पण पाठ शाबूत राहिली.

त्यानंतर शाळा चांगली झाली.

शाळा आधीपासून होतीच. पिवळ्या भिंतीची, आमच्या गल्लीच्या टोकाला, साधीसुधी. मग एक नव्या मुख्याध्यापिका आल्या, त्यांच्यामागून दोन-चार जीव लावणारे शिक्षक आले, आणि बघता बघता साऱ्या शहराच्या तोंडी तिचं नाव झालं. शाळेचा नियम असा होता, की जे शाळेपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर राहतात त्यांच्या मुलांना आधी प्रवेश. बाकीच्यांना जागा उरल्या तर. मित्रांनो, 'आधी'तच सगळ्या जागा संपायच्या. उरायचं काहीच नाही.

मग बस भरून यायला लागली. आई, बाबा, मधे धरलेलं मूल, हातात फाइल. लोक वर येऊन खोली बघायचे आणि खिडकीतून शाळेची पिवळी भिंत दिसते का तेवढंच विचारायचे. मोरी गळते का, ऊन येतं का, काही नाही. पहिलं कुटुंब आलं ते खरंखुरं राहिलं. चौघं जण. दोन भाऊ माझ्यावर उलटसुलट झोपायचे, एकाचे पाय दुसऱ्याच्या नाकाशी. रोज भांडण, रोज सकाळी एकाच पांघरुणात. त्या सात वर्षांत मला एका क्षणाचीही उसंत नव्हती आणि मी इतकी सुखात कधीच नव्हते. धाकट्याची शाळा संपली तसे ते निघून गेले.

त्यांच्यानंतर दलाल आला.

त्याला सगळे 'पत्तेवाले' म्हणत. हसतमुख माणूस, घामाघूम, कायम घाईत. त्याने मालकीणबाईंना समजावलं, की हल्ली लोकांना खोली नको असते, पत्ता हवा असतो. लोक करार करतील, दारावर नाव लावतील, पण राहतील आपापल्या घरी. मुलाला प्रवेश मिळाला की झालं. खोलीची झीज नाही, पाण्याचा खर्च नाही, कटकट नाही. मालकीणबाई बराच वेळ गुडघा चोळत बसल्या आणि म्हणाल्या, "मी खोली देते बाबा. झोप काही देत नाही." तेवढ्यावर ठरलं.

करार माझ्यावरच बसून वाचला गेला. दोन मोठी माणसं, एक मूल, वय सहा. मला आनंद झाला. गादी आली, चादर आली, हत्तींची नक्षी असलेली उशी आली. मी वाट पाहिली. एक दिवस, चार दिवस, महिना. कुणी आलं नाही. वर्ष सरलं तसा दुसरा करार झाला, दुसरी उशी आली. मग तिसरा. असे तिघं जण माझ्यावर राहून गेले, मित्रांनो, आणि मला त्यांच्या टाचा कशा होत्या हेसुद्धा माहीत नाही.

पण शाळेला ते माहीत नव्हतं. शाळा चांगली होती, आणि चांगल्या शाळा मुलांना पत्रं पाठवतात. दाराच्या फटीतून पाकिटं आत सरकायची. डोळे तपासायचे आहेत, सहलीला स्वेटर आणावा, वाढदिवसाच्या शुभेच्छा. मालकीणबाई महिन्यातून एकदा केर काढायला वर यायच्या, पाकीट उचलायच्या, नाव मोठ्याने वाचायच्या आणि उगीचच खोलीभर नजर फिरवायच्या. जणू कुणीतरी हजर म्हणेल. मग पाकीट माझ्या गादीखाली सारायच्या. टाकून कसं देणार, मुलाचं नाव आहे त्याच्यावर, असं स्वतःशीच पुटपुटायच्या. मी ती तिन्ही नावं पाठीवर घेऊन उभी होते. रिकामी खाट हलकी असते असं लोकांना वाटतं. तसं नसतं.

चौथा करार खारूच्या आईने केला.

खारू म्हणजे खारूताई. घरातलं नाव. गालात काहीतरी साठवून ठेवायची सवय, म्हणून. तिची आई दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होती. दिवसभर लोकांच्या दंडाला रबरी पट्टी बांधायची, शीर शोधायची, रक्त काढायचं, आणि नळीवर नावाची चिठ्ठी चिकटवायची. तिच्या कामात सुई चुकली तर चालत असे, माणूस आई गं म्हणतो आणि विसरतो. चिठ्ठी चुकून चालत नसे. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं घर होतं, तळमजल्यावर. घरी खारूची आजी अंथरुणाला खिळलेली. तिला दोन जिने चढवून या एका खोलीत आणणं शक्य नव्हतं आणि तिला सोडून येणंही. आणि त्यांच्या घराजवळच्या शाळेत एका वर्गात सत्तर मुलं बसत, बाईंना नावं पाठ व्हायच्या आत वर्ष संपत असे. खारू बोलायला उशिरा लागलेली. सत्तरांत ती पुन्हा गप्प होऊन जाईल, हीच तिच्या आईची भीती. तिला ही शाळा हवी होती ती एवढ्यासाठी. दुसरं काही नाही.

त्या वर्षी शाळेने शहाणपणा केला होता. नुसत्या कागदावर विश्वास न ठेवता घरी येऊन बघायला एक बाई नेमल्या होत्या. त्या न सांगता यायच्या. त्यामुळे पत्तेवाल्याने खारूच्या आईला धडेच दिले. दाराशी चपला हव्यात, वेगवेगळ्या मापाच्या. दोरीवर लहान मुलाचे कपडे हवेत, आणि ते आठवड्याने बदलायला हवेत. दिव्याला त्याने टायमर बसवून दिला, म्हणजे तिन्हीसांजेला दिवा आपोआप लागेल आणि समोरच्यांना वाटेल, माणसं आहेत. आणि केराची टोपली, ताई, ती विसरू नका. घरात माणूस राहतो की नाही ते शेजाऱ्याला विचारू नये, केराच्या टोपलीला विचारावं.

ती बिचारी सगळं करायची. मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळची पाळी संपली की दोन बस बदलून यायची. जग घरातला कचरा बाहेर टाकतं. ही बाई बटाट्याची सालं आणि अंड्याची टरफलं पिशवीत घालून शहरभर फिरवत इथे आणून टाकायची. बसमध्ये शेजारची माणसं नाक मुरडून उठून जातात, असं तिने मालकीणबाईंना सांगितलं. दोघी जिन्यातच बसून हसल्या होत्या. मग वर येऊन ती दात घासायचा छोटा ब्रश ओला करायची, साबण थोडा झिजवायची, आणि शेवटी माझ्याकडे वळायची. चादर झोपल्यासारखी दिसायला हवी होती.

आधी तिने चादर हातांनी चुरगळून पाहिली. ती भांडण झाल्यासारखी दिसायला लागली. मग तिने बसून पाहिलं. मग एका शुक्रवारी ती, इकडेतिकडे बघत, चोरून आडवी झाली. भिंतीकडे तोंड करून, लहान मुलगी झोपेल तशी, गुडघे पोटाशी घेऊन. दोन मिनिटांसाठी म्हणून. तिचा डोळा लागला. मित्रांनो, त्या वीस मिनिटांत मी एकही स्प्रिंग हलू दिली नाही. चार वर्षांत माझ्यावर आलेली ती पहिली झोप होती. दचकून उठली तेव्हा गालावर चादरीची घडी उमटलेली. मागे वळून तिने माझ्यावर पडलेला खोलगा पाहिला, आणि चादर आवरायला गेलेला हात मागे घेतला. अगदी हवा होता तसाच जमला होता.

मग खारूला खोली शिकवायची वेळ आली.

एका मंगळवारी ती तिला घेऊन आली. बारीक मुलगी, दोन वेण्या, एका गालात काहीतरी ठेवलेलं. आईने परीक्षा घेतली. बादली कुठल्या रंगाची? खाली कोण राहतं? खिडकीतून काय दिसतं? खारूने सगळं बरोबर सांगितलं. शेवटचा प्रश्न होता, तू कुठे झोपतेस. खारूने मला पाहिलं, आईला पाहिलं आणि म्हणाली, घरी, तुझ्याजवळ.

मला वाटतं, जगातलं सगळं खोटं आई स्वतः बोलायला तयार होती, पण मुलीच्या तोंडात घालायला तिचा हात धजत नव्हता. म्हणून तिने एक तोड काढली. मित्रांनो, चूक ती हीच. तिने खारूला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, की आपण खोटं नाही बोलायचं. एक खारू आपल्या घरी राहते, ती तू. आणि एक खारू इथे राहते. तुझंच नाव, तुझ्याएवढीच. शाळेच्या बाई विचारतील ना, तेव्हा तू इथल्या खारूचं सांगायचं.

खारूने बराच वेळ विचार केला. मग गालातला खडीसाखरेचा खडा काढून तो पुसला आणि माझ्या उशीपाशी ठेवला.

त्यानंतर ती दर खेपेला यायचा हट्ट धरू लागली. आल्या आल्या विचारायची, ती जेवली का? आई टोपलीत सालं पसरता पसरता हो म्हणायची. तिची वेणी कोण घालतं? घालते ती स्वतःच. मग पुढच्या खेपेला खारू स्वतःच्या वेणीची रिबीन सोडून माझ्या कडीला बांधून ठेवायची. अर्धं बिस्किट ठेवायची, आणि मुंग्या ते घेऊन गेल्या की समाधानाने मान हलवायची. थंडी पडायला लागली तसे तिने लोकरी मोजे आणले आणि गादीच्या पायथ्याशी नीट जोडीने ठेवले. भिंत गार असते ना, म्हणाली.

आणि मला वजन जाणवायला लागलं.

कसं सांगू? मी लोखंड आहे, मला भास होत नाहीत. मला थापच मारायची असती, तर मी आणखी मोठी मारली असती. हे एवढंसंच होतं. तिन्हीसांजेला, खोलीत कुणी नसताना, टायमरचा खटका पडायचा आणि दिवा लागायचा. आणि भिंतीकडच्या बाजूच्या तीन-चार स्प्रिंगा हळूच खाली बसायच्या. सहा वर्षांच्या मुलीने गुडघे पोटाशी घेतले तर बसतील तेवढ्याच. ती हलायची नाही. रडायची नाही. कुणाची तरी वाट बघणारं मूल जसं शहाण्यासारखं पडून राहतं, तसं ते वजन पडून राहायचं. दिवा विझला तरी ते असायचं. उजाडल्यावर स्प्रिंगा परत वर यायच्या. मग मला आधीच्या तिघांची आठवण यायची आणि वाटायचं, तीही अशीच आहेत की काय. फक्त त्यांच्यासाठी कुणी बिस्किट ठेवलं नाही, म्हणून मला कळली नाहीत.

तिकडे घरी खारूची झोप उडाली होती. हे खारूच्या आईने जिन्यात बसून मालकीणबाईंना सांगितलं. दिवेलागणीला ही पोर खिडकीशी जाऊन उभी राहते. आता तिकडे दिवा लागला असेल म्हणते. तिच्याजवळ कोण आहे, म्हणते. मी नाही जेवत, ती एकटी जेवत असेल. उशीचा अर्धा भाग मोकळा सोडते. मालकीणबाई ऐकून घेऊन म्हणाल्या, की मुलांना भूत दाखवू नये, बाई. दाखवलं की मग त्याला जेवायलाही घालावं लागतं. खारूच्या आईने डोळ्याला पदराचं टोक लावलं आणि म्हणाली, एवढी एक तपासणी होऊ दे. मग मी तिला सगळं समजावून सांगेन.

तपासणी त्या आठवड्यात होणार, असं पत्तेवाल्याने कुठून तरी कळवलं होतं. खारूच्या आईने दवाखान्यातून सुट्टी काढली, बाबांनीही सुट्टी घेऊन आजीपाशी बसायचं कबूल केलं आणि मायलेकी रोज पहिल्या बसने येऊ लागल्या. तीन सकाळी नुसत्याच गेल्या. चौथ्या सकाळी, दहाच्या सुमाराला, दार वाजलं.

तपासणीच्या बाई पन्नाशीच्या, धापा टाकणाऱ्या. दोन जिन्यांबद्दल त्यांनी आधी थोडं बोलून घेतलं. पाणी प्यायल्या. मग कामाला लागल्या, आणि काम त्यांना येत होतं. ब्रशला अंगठा लावून पाहिला, ओला. साबण उलटा करून पाहिला. दोरीवरच्या फ्रॉकचा वास घेतला. टोपलीत डोकावल्या आणि म्हणाल्या, अंडी बरीच खाता हो. चादर पाहिली, खोलगा पाहिला. फॉर्मवर एकामागून एक बरोबरच्या खुणा केल्या. खारूची आई भिंतीला टेकून उभी होती. तिचे खांदे हळूहळू खाली आले. कित्येक महिन्यांनंतर तिने पूर्ण श्वास घेतलेला मी ऐकला.

उरला शेवटचा रकाना, मुलाशी बोलणे. बाई माझ्यावर बसल्या. खारूला जवळ घेतलं, नाव विचारलं, वेण्यांचं कौतुक केलं. मग विचारलं, की खारू इथे झोपते का?

"हो," खारू म्हणाली. "भिंतीकडे तोंड करून."

"आणि रात्री भीती वाटते का?"

"वाटते. पण ती रडत नाही. रडून काय करणार, कुणी नसतंच."

बाईंचा हात थांबला. लहान मुलं स्वतःबद्दल अशी बोलतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी अगदी हळू विचारलं, की रात्री खारूजवळ कोण असतं.

"दिवा असतो," खारू म्हणाली. "आई मंगळवारी येते आणि शुक्रवारी येते. बाकी खारू एकटीच असते. तिला पाय गार लागतात."

मित्रांनो, मुलगी एक अक्षर खोटं बोलली नव्हती. तिला जे सांगितलं होतं ते तिने पाठ केलं होतं, आणि जे सांगितलं नव्हतं ते तिने मायेने भरून काढलं होतं. तपासणीच्या बाईंनी पेनाला टोपण लावलं. शाळेचा फॉर्म बाजूला ठेवला आणि पिशवीतून दुसरा कागद काढला. खारूच्या आईकडे त्यांनी पाहिलं ते आता शाळेच्या बाई म्हणून नव्हे. म्हणाल्या, की पत्ता खरा आहे, राहणं खरं आहे, प्रवेशाला माझी काही हरकत नाही. पण सहा वर्षांची मुलगी तुम्ही आठवड्यातले पाच दिवस रात्री एकटी ठेवता. हे मला बालसंरक्षणाच्या कचेरीत कळवावं लागेल. ते मुलीला आज-उद्याच घेऊन जातील.

खारूच्या आईसमोर दोन कागद होते. एकावर मुलीची शाळा होती, बरोबरच्या खुणांसकट. तो हवा तर दुसराही घ्यायचा होता. मला तिचे हात दिसत होते. रोज शेकडो नळ्यांवर चिठ्ठ्या लावणारे, एकदाही न चुकलेले हात. ते एकमेकांत गुंतून पांढरे पडले होते.

"इथे कुणी राहत नाही, बाई," ती म्हणाली. "कधीच कुणी राहिलं नाही. माझी मुलगी रोज माझ्या कुशीत झोपते. हे सगळं मी मांडलंय. तो कचरासुद्धा मी घरून आणते."

तपासणीच्या बाईंनी दुसऱ्या कागदाचे चार तुकडे केले आणि केराच्या टोपलीत, टरफलांवर टाकले. पहिल्या कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढली. रेघ ओढताना त्यांना आनंद होत नव्हता, एवढं मी सांगू शकते. त्या माझ्यावर बसल्या होत्या आणि त्यांचं अंग मला कळत होतं. उठताना म्हणाल्या, की दिवसाला अशी नऊ घरं बघते मी. सगळी मुलं पाठ केलेलं म्हणून दाखवतात. त्या पाठांतरातल्या मुलीची काळजी करणारी ही पहिलीच. तिला जपा.

त्यांची पावलं जिन्यावरून गेली. खारूची आई जमिनीवर बसली. शाळा गेली होती. वर्षभराच्या बसगाड्या, पिशव्या, ओले केलेले ब्रश, सगळं त्या एका रेघेखाली गेलं होतं. पण खारूला शाळेचं काही नव्हतंच. ती माझ्यापाशी उभी होती आणि तिने एकच वाक्य ऐकलं होतं. कधीच कुणी राहिलं नाही. तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं, आवाज नाही. उशिरा बोलायला लागलेली मुलं रडतातही अशी.

"मग तिला कुठे पाठवलंस?" तिने विचारलं.

आता सगळं समजावून सांगायची वेळ होती. ती एक गोष्ट होती गं, राणी, असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मला वाटतं तिच्या आईच्या ओठांवर ते आलंही होतं. तिने मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. मग उठून माझ्यापाशी आली आणि त्या खोलग्यावर हात ठेवला. हात गार होता.

"कुठे नाही पाठवलं. इथेच आहे," ती म्हणाली. "तिचं इथलं काम संपलं. आपण तिला घरी नेऊ या."

ती वाकली. दोन्ही हात माझ्या गादीवर, भिंतीच्या बाजूने, आत घातले आणि उचलल्यासारखं केलं. खारू एकदम पुढे झाली.

"मानेखाली हात धर ना, आई. झोपलीय ती."

आईने हात बदलला. मानेखाली जिथे हात जातो तिथे नेला, दुसरा गुडघ्यांखाली, आणि सावकाश, ओझं असलं की कंबर जशी ताठ करावी लागते तशी ताठ करून, ती उभी राहिली. आणि मित्रांनो, माझ्या भिंतीकडच्या चार स्प्रिंगा भरदिवसा, उन्हात, एकामागून एक वर आल्या. टण, टण, टण, टण. तिघींनीही तो आवाज ऐकला असं मी म्हणाले तर तुम्ही हसाल. पण आईने हात आणखी घट्ट केले, एवढं मी पाहिलं.

खारूने मोजे घेतले, कडीची रिबीन सोडून घेतली. दोघी जिना उतरल्या, एकेक पायरी. खाली मालकीणबाईंचा आवाज आला. सावकाश, शेवटची पायरी फुटलीय, एवढंच म्हणाल्या, आणि बाहेरचं दार उघडून धरलं. त्या दाराची कडकड मी ओळखते. दोन माणसं बाहेर पडायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ त्यांनी ते धरून ठेवलं होतं.

खारूची आई त्यानंतर एकदाच आली, किल्ली द्यायला. सत्तर मुलांच्या वर्गात खारू जाते. बाईंना तिचं नाव अजून येत नाही. आई रोज घरी आल्यावर तिला जवळ घेऊन अर्धा तास नुसती बोलायला लावते, भाजी चिरता चिरता, काहीही. पोर रात्रभर झोपते. उशीचा अर्धा भाग मात्र सोडतेच, आणि आता आम्ही कुणी तो ओढत नाही, म्हणाली. मालकीणबाईंनी पत्तेवाल्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. टायमर काढून टाकला. राहायला कुणी आलं तर खोली, नाहीतर नाही, असं त्या सगळ्यांना सांगतात. अजून कुणी आलेलं नाही. माझ्या पायांवर गंज चढतो आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझं मागणं निराळं आहे. मित्रांनो, मला ठोकून-रंगवून घ्या असं मी म्हणत नाही. पण तुमची शाळा चांगली असेल, आणि ती घरापासून लांब असेल, तर घरी एकदा विचारा. तुमच्या नावाचं कुणी कधी, एखाद्या रिकाम्या खोलीत, कागदावर राहत होतं का? आईबाबांवर रागावू नका. त्यांनी तुमच्यासाठीच ते केलं. फक्त विचारा, आणि असेल तर येऊन घेऊन जा. चार स्प्रिंगा वर आल्या त्या दिवसापासून आधीची तिघंही मला कळू लागली आहेत. दिवा नाही, तरी तिन्हीसांजेला बाकीच्या स्प्रिंगा एकेक करून खाली बसतात. गादीखाली तिघांची पाकिटं आहेत. तिघंही शहाणी आहेत, रडत नाहीत, एकमेकांना जागा देतात. दार वाजलं की मात्र तिघंही एकदम श्वास धरतात.

मला चार पाय आहेत, पण त्यांना घरी पोचवणं मला येत नाही.